मुलाचा दमा गेला, मुलीचा सुरू झाला. असं कसं?

दोन_टोकं (धागाकर्ती)

थोरला १४ वर्षांचा, धाकटी १२ ची.

थोरल्याला तिसऱ्या वर्षापासून दमा. सर्दी झाली की दोन दिवसांत छातीत उतरायची, रात्रभर घरघर, पहाटे नेब्युलायझर. सहा वर्षांचा होईपर्यंत दोनदा ॲडमिट करावं लागलं. घरातलं प्रत्येक मोठं माणूस एकच सांगायचं, "वयात आला की जाईल." आणि खरंच गेल्या दीड वर्षात पंप हातात घ्यायची वेळ आली नाही. मिसरूड फुटली आणि दमा पळाला, असं आम्ही हसून म्हणतो.

धाकटीला लहानपणी फक्त शिंका. उठली की दहा-बारा. तळहाताने नाक वर ढकलत पुसायची सवय, त्याने नाकावर बारीक आडवी रेघ उमटलेली. त्यापलीकडे काही नाही. गेल्या वर्षी पाळी सुरू झाली आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत रात्रीचा कोरडा खोकला, जिना चढताना छाती आवळल्यासारखं वाटणं सुरू झालं. दाखवायला नेलं तर "या वयात मुलींना होतं असं, अभ्यासाचं टेन्शन घेते का?" थोरल्याच्या वेळी पहिल्याच भेटीत पंप लिहून मिळाला होता.

तर प्रश्न असा, की मुलगा-मुलगी म्हणून या आजारात खरंच फरक असतो का? आणि तिचाही आपोआप जाईल म्हणून थांबायचं का?

---

मठ्ठ_माऊ

जाईल हो. माझ्या भाच्याचा गेला, शेजारच्या मुलाचा गेला. उगाच औषधांच्या मागे लागू नका.

---

खोकलीबाई

माऊ, तुमची दोन्ही उदाहरणं मुलग्यांची आहेत, लक्षात आलं का? सविस्तर रात्री लिहिते.

---

नळीफुंकर

मुलांचे श्वसनविकार हेच माझं रोजचं काम. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, पण फरक असतो का याचं उत्तर देता येईल. असतो, आणि चांगला ठसठशीत असतो.

लहानपणी दमा हा मुलग्यांचा आजार आहे. शाळेत जायच्या वयात मुलींच्या दीडपट ते दुप्पट मुलगे दमेकरी सापडतात. वयात येण्याच्या सुमाराला हे पारडं हलायला लागतं आणि विशी गाठेपर्यंत उलटतं. मोठ्या माणसांत दमा बायकांना जास्त, आणि जास्त त्रासदायकही. १९९२ मध्ये अमेरिकेत दम्यासाठी दवाखान्यात भरती झालेल्यांची मोजदाद प्रसिद्ध झाली होती. दहा वर्षांपर्यंत मुलगे जवळजवळ दुप्पट, ११ ते २० मध्ये बरोबरी, २० ते ५० मध्ये बायका जवळजवळ तिप्पट. नाकाच्या ॲलर्जीतही हाच झोका दिसतो, पण लहान. २०१७ साली अनेक अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, त्यात दहा वर्षांपर्यंत मुलींमागे मुलगे सुमारे १.२ पट आणि ११ ते १७ मध्ये ०.९ पट निघाले. सर्वात मोठी उलथापालथ होते ती नाक आणि छाती दोन्ही धरलेल्या मुलांच्या गटात. धागाकर्तीची मुलगी आता बहुधा त्याच गटाच्या उंबरठ्यावर उभी आहे.

आता का ते. पोटात असतानाच मुलीचं फुप्फुस मुलाच्या थोडं आधी पिकतं. हवेचे फुगे मिटू नयेत म्हणून आतून जो साबणासारखा थर लागतो, तोही तिच्यात लवकर तयार होतो. मुलग्याचं फुप्फुस आकाराने मोठं असतं, पण त्यातल्या नळ्या त्या मानाने अरुंद. घर मोठं आणि जिना चिंचोळा म्हणा ना. नळीचं गणित मोठं निर्दयी असतं. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट होत नाही, १६ पट होतो. म्हणून तीच सर्दी, तीच सूज, पण तीन वर्षांचा मुलगा घरघरतो आणि त्याच वयाची मुलगी नुसती नाक गाळत फिरते. शिवाय लहान वयात मुलग्यांच्या रक्तात आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रतिपिंडं, सरासरीने जास्त असतात आणि त्वचेवरच्या चाचणीत धुळीतल्या माइट्सना (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), परागकणांना तेच जास्त प्रतिसाद देतात.

वयात आल्यावर मुलग्याच्या नळ्या झपाट्याने रुंदावतात आणि त्याची फुप्फुसं विशीपर्यंत वाढत राहतात. मुलीची वाढ त्याच्या काही वर्षं आधी थांबते. मोठेपणी एकाच आकाराची फुप्फुसं असलेले पुरुष आणि बाई घेतले, तरी बाईच्या मुख्य नळ्या अरुंद असतात. चिंचोळा जिना आता तिच्या वाट्याला आलेला असतो.

हार्मोन्सचं उद्या लिहितो, ओपीडी आहे.

---

दोन_टोकं

डॉक्टर, खूप आभार. जिन्याचं उदाहरण थोरल्याला वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न: "म्हणजे माझा दमा गेला नाही, नळीच मोठी झाली?"

---

नळीफुंकर

मुलगा हुशार आहे. त्याच्या प्रश्नाकडे परत येतो.

---

आकडेमोड

थोडी खोड काढतो. मुली तक्रार जास्त करतात आणि मुलगे किशोरवयात "काही होत नाही" म्हणून गप्प बसतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मग १४-१५ व्या वर्षी मुलींचे आकडे वाढलेले दिसले तर त्यात आजार किती आणि प्रश्नावली भरायची पद्धत किती? १९९१ पासून जगभर ६-७ आणि १३-१४ अशा दोन वयोगटांत मुलांच्या ॲलर्जीची मोठी पाहणी झाली. त्यात लहान गटाचे फॉर्म आईवडिलांनी भरले, मोठ्या गटाचे मुलांनी स्वतः. भरणारा माणूसच बदलला तर पारडं हलणारच की!

दुसरं, सगळीकडे हा झोका सारखा नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्याच २०१७ च्या बेरजेत, आशियातल्या अभ्यासांपुरतं बघितलं तर नाकाच्या ॲलर्जीत मुलग्यांची आघाडी नंतरही टिकलेली होती. नुसते हार्मोन्स कारण असतील तर ते खंड बघून काम करतात का?

---

नळीफुंकर

आकडेमोड, शंका रास्त आहे आणि अर्धी बरोबरही. म्हणूनच लोकांनी तक्रारी बाजूला ठेवून नळीलाच विचारलं. मेथाकोलिन नावाचं औषध अगदी थोड्या मात्रेपासून हुंगायला देतात आणि नळी कितव्या मात्रेला आकसते ते मोजतात. यात कुणी कुढं असो की बोलकं, फरक पडत नाही. अमेरिकेत हजाराहून जास्त दमेकरी मुलांना वर्षानुवर्षं असं मोजत नेलं. लहानपणी दोघांच्या नळ्या सारख्याच चिडक्या. अकराव्या वर्षाच्या आसपासपासून मुलग्यांच्या नळ्या शांत होत गेल्या, मुलींच्या तशा झाल्या नाहीत. म्हणजे फॉर्म भरण्याच्या पद्धतीमुळे काही आकडे फुगत असतील, पण खाली खराखुरा फरक उरतोच.

हार्मोन्सबद्दल. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आणि त्याच्या कुळातली द्रव्यं ॲलर्जीच्या सुजेला लगाम घालतात. श्वासनलिकेच्या अस्तरात आयएलसी२ नावाच्या पेशी असतात, ॲलर्जीची पहिली ठिणगी टाकणाऱ्यांपैकी. टेस्टोस्टेरॉन त्यांना दाबतं, हे २०१७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांवर दाखवलं. इस्ट्रोजेनचा, म्हणजे बायकी हार्मोनचा, कल उलटा. ॲलर्जीतल्या मास्ट पेशींमधून हिस्टामिन, म्हणजे शिंका-सूज आणणारं द्रव्य, सुटायला ते मदत करतं. २०१८ मध्ये ६ ते १८ वर्षांच्या दमेकरी मुलांची हार्मोन्स प्रत्यक्ष मोजली, तेव्हा पुरुषी हार्मोन वाढलेल्या मुलग्यांची फुंकर सुधारलेली दिसली. इस्ट्रोजेन वाढलेल्या मुलींत चित्र उलटं होतं.

तरी आकडेमोड यांच्या पदरात एक दान टाकतो. नेदरलँड्समध्ये हजारो मुलामुलींना ११ ते १६ या वयात तीनदा तपासून, वयात येण्याचा टप्पा आणि दमा यांची सांगड घालून बघितली. पारडं उलटलं, पण टप्प्यांशी ते नीट जुळलं नाही. म्हणजे 'पाळी आली म्हणून दमा आला' इतकं सरळ नाही. हवा, घरातला धूर, वजन, कोण किती वेळ कुठे असतं, कुणाच्या खोकल्याकडे कोण लक्ष देतं, हे सगळं त्यात कालवलेलं आहे. खंडाखंडांतला फरक मला तरी तिथूनच येत असेल असं वाटतं.

---

खोकलीबाई

लिहिते म्हटलं होतं.

मला १३ व्या वर्षी सुरू झालं. खोकला, आणि दीर्घ श्वास पुरा होत नाही अशी भावना. घरघर ऐकू यायची नाही. मला तीन वर्षं टॉनिक, मग 'लक्ष वेधून घेते', मग मनाच्या डॉक्टरांकडे. त्या बिचाऱ्यांनीच पहिल्यांदा छातीला स्टेथोस्कोप लावून सांगितलं, "हिला माझी गरज नाही, फुप्फुसाच्या डॉक्टरांची आहे." माझ्या सख्ख्या भावाला चौथ्या वर्षापासून पंप होता. एकच घर, तेच आईवडील. त्यांचा दोष नाही, त्यांच्या डोक्यात दमा म्हणजे मुलग्याचा दमा, शिट्टी वाजणारा.

मला वाटायचं ही माझ्याच नशिबाची गोष्ट. नंतर वाचलं, की १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुलांवर झालेल्या अभ्यासातही दम्याची लक्षणं असलेल्या मुलींना मुलग्यांपेक्षा कमी उपचार मिळाल्याचं निघालं होतं.

धागाकर्तीसाठी एक कामाची गोष्ट. पीक फ्लो मीटर, म्हणजे किती जोरात फुंकता येतं ते मोजणारं छोटं यंत्र, घ्या. सकाळी-संध्याकाळी तीनदा फुंकायचं, सर्वात मोठा आकडा वहीत लिहायचा, आणि बाजूला पाळीच्या तारखा. मी दोन महिने केलं तेव्हा दिसलं, की पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत माझा आकडा दर वेळी घसरतो. दमा असलेल्या बायकांपैकी पाचात एकीला ते पाचात दोघींना असं होतं. ती वही पुढ्यात ठेवल्यावर टेन्शनबद्दल पुन्हा कुणी विचारलं नाही.

---

मठ्ठ_माऊ

वर जे लिहिलं ते मागे घेते. भाच्याच्या बहिणीलाही खोकला असतो, आज पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला.

---

शिट्टीमास्तर

मी मुलामुलींना धावणं शिकवतो. डॉक्टर नाही. पण एक प्रकार नेहमी बघतो म्हणून लिहितो, चुकलं तर दुरुस्त करा. १३ ते १७ च्या मुली, चांगल्या पळणाऱ्या, शर्यतीच्या अगदी जोरात असताना गळा धरून थांबतात. श्वास आत घेताना घशातून चिरका आवाज. दम्याचा पंप देतात, उपयोग शून्य. पाच मिनिटांत आपोआप बऱ्या. हा दमाच का?

---

नळीफुंकर

मास्तर, तुम्ही जे बघता ते अनेक डॉक्टरांच्या नजरेतून सुटतं. तो बहुतेक वेळा दमा नसतो. त्यात स्वरयंत्राची झडप श्वास घेताना उघडण्याऐवजी मिटते. किशोरवयीन मुलींमध्ये, त्यातही खेळाडू मुलींमध्ये, हे मुलग्यांपेक्षा जास्त आढळतं.

ओळखायची खूण तुम्हीच सांगितलीत. त्रास श्वास आत घेताना, बोट गळ्याकडे, ऐन जोरात सुरू आणि थांबल्यावर पटकन कमी. व्यायामाने येणाऱ्या दम्यात त्रास श्वास सोडताना, बोट छातीकडे, आणि गंमत म्हणजे पळणं थांबवल्यावर पाच ते पंधरा मिनिटांनी तो सर्वात जास्त जाणवतो. गळ्याच्या प्रकाराला श्वासाचे आणि आवाजाचे व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट लागतात. पंपाचे डोस वाढवत नेणं हा त्यावरचा सर्वात वाईट उपाय. आणि हो, एकाच मुलीला दोन्ही असू शकतं, तेव्हा मनाने पंप बंद करू नये.

म्हणजे मुलींच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी घोळ होतो. दमा असलेलीला टेन्शन म्हणतात आणि दमा नसलेलीला दमा. दोन्हीवर उपाय एकच, मोजून बघणे.

---

आकडेमोड

अवांतर: वजनाचा मुद्दा डॉक्टरांनी एका शब्दात उरकला. त्यात मुलामुलींत फरक आहे ना?

---

खोकलीबाई

मुलींच्या वजनावर बोलल्याशिवाय एकही धागा पुरा होत नाही का?

---

आकडेमोड

ताई, टोमणा नव्हता, खरंच विचारतोय.

---

नळीफुंकर

भांडू नका. अमेरिकेत टक्सन इथे मुलांना जन्मापासून पाहत गेले. सहा ते अकरा या वयात ज्या मुलींचं वजन प्रमाणाबाहेर वाढलं, त्यांना पुढे ११ आणि १३ व्या वर्षी नव्याने दम्याची लक्षणं येण्याचा धोका वाढला होता. मुलग्यांत हा संबंध दिसला नाही. चरबीत इस्ट्रोजेन तयार होतं आणि पाळीही लवकर येते, हा एक धागा असू शकतो. पण खोकलीबाईंचा राग समजतो. "वजन कमी कर, दमा जाईल" असं सांगून औषध न देता परत पाठवलेल्या मुली माझ्याकडे येतात. वजन नंतर बघू, आधी तिला श्वास घेता आला पाहिजे.

---

काळजीवाहू_बाबा

माझा प्रश्न जरा बाळबोध आहे. मुलगी ११ ची, उंची वाढायचं वय. पंपात स्टेरॉइड असतं म्हणून आजी द्यायला तयार नाही. मुलाला दिलं तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं.

---

नळीफुंकर

बाळबोध अजिबात नाही. यावर फार नीट उत्तर उपलब्ध आहे. मघाशी मेथाकोलिन देऊन मोजलेल्या ज्या अमेरिकी मुलांचा उल्लेख केला, त्यांतल्या काहींना चार वर्षांहून जास्त काळ रोज बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप दिला होता. ती २५ च्या आसपास पोहोचल्यावर उंची मोजली. पंप न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर कमी. जो फरक पडला तो पहिल्या दोन वर्षांतच, नंतर वाढत गेला नाही. आजींना सांगा, स्टेरॉइडचा पंप म्हणजे थेट नळीत टाकलेली अगदी थोडी मात्रा. दमा आटोक्यात नसेल तर त्यानेही वाढ खुंटते, आणि झटका आल्यावर जी तोंडाने स्टेरॉइडची गोळी द्यावी लागते तिच्यात मात्रा कितीतरी मोठी असते. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यायचं, नंतर चूळ भरायची, आणि दमा आटोक्यात राहील तितकीच कमीत कमी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यायची.

एक भर: १२ वर्षांपुढच्या मुलांना नुसता निळा, तात्पुरता आराम देणारा पंप देऊन सोडू नये, सोबत सुजेवरचं औषध हवंच, अशी जागतिक शिफारस २०१९ पासून आहे. ती मुलगा-मुलगी दोघांना सारखीच. उपचारात लिंगभेद नाही, तो आहे वेळेवर ओळखण्यात. नाकाचे उपचारही टाळू नका. नाक आणि छाती ही एकाच घराची दोन दारं आहेत. वरचं दार चोंदलेलं ठेवून खालचं साफ राहत नाही.

---

दोन_टोकं

डॉक्टर, थोरला विचारतोय त्याच्या प्रश्नाचं काय झालं.

---

नळीफुंकर

विसरलो नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा आजवर माग ठेवलेला आहे. त्यातल्या ज्या ६१३ जणांची २६ व्या वर्षापर्यंतची श्वासाची माहिती सलग होती, त्यांच्यात १४.५ टक्के लोकांची घरघर लहानपणापासून चालूच राहिली, आणि १२.४ टक्के लोकांची थांबली आणि मग परत आली. चालू राहण्याची शक्यता कशाने वाढली? धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी, चिडकी नळी, २१ व्या वर्षी सिगारेट, आणि मुलगी असणं. परत उलटण्याची शक्यता कशाने वाढली? माइट्स, चिडकी नळी, आणि दमा अगदी लहान वयात सुरू झालेला असणं.

त्याला सांग, नळी मोठी झाली आहे आणि बहुधा शांतही. पण तिसऱ्या वर्षी सुरू झालेला दमा आहे. सिगारेट ओढायची नाही, आणि पंप कपाटात ठेवायचा, एक्स्पायरी बघून.

---

दोन_टोकं

सात आठवड्यांनी लिहितेय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

वही ठेवली. दोन पाळ्या, दोन्ही वेळा आधीचे चार दिवस आकडा खाली. वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकायची तपासणी, केली, पंप दिला, पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावलं. १७ टक्के सुधारणा. १२ च्या वर गेलं की नळी औषधाने उघडते आहे असं धरतात म्हणाले. दमाच आहे. रोजचा पंप आणि नाकाचा स्प्रे सुरू झालाय. रात्रीचा खोकला तिसऱ्या आठवड्यात थांबला, शिंका अजून आहेत.

निदान ऐकून मला रडू आलं आणि तिने काय म्हणावं? "बघ, मी नाटक करत नव्हते." मी कधी तसं म्हटलं नव्हतं. पण 'जाईल आपोआप' म्हणत सहा महिने थांबले होते, तिला ते तसंच ऐकू गेलं असणार.

थोरल्याने स्वतःचा जुना स्पेसर धुऊन तिला दिला. तिने घेतला नाही. हिरवा आहे म्हणे, तिला नवा हवा.

---

खोकलीबाई

घेऊन द्या नवा. आणि वही बंद करू नका.

---

मठ्ठ_माऊ

भाचीची तपासणी पुढच्या सोमवारी. फुंकायच्या आधी निळा पंप किती तास बंद ठेवायचा असतो, कुणी सांगेल का?

---

नळीफुंकर

निळा असेल तर साधारण चार ते सहा तास, पण त्रास झाला तर बिनदिक्कत घ्यायचा आणि तिथे तसं सांगायचं. लांब पल्ल्याचे वेगळे असतात, जिथे तपासणी आहे तिथे आधी फोन करून विचारा.